‘मले का होते?’

सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई बोरी अरबला आमच्या घरीही आल्या. ताप, ऑक्सिजन बघितलं आणि विचारलं, ‘‘कुणाला शुगर, बीपी, हृदयाचा-किडनीचा आजार?’’ काकांनी गोळ्यांची पिशवीच पुढे केली. बावन्न वर्षांची काकू मात्र चुलीपाशूनच म्हणाली, ‘‘मले का होते? काईच नाई!’’ वहीत ‘नाही’ लिहिलं गेलं.

मार्च २०२१ मध्ये काकूला कोरोना झाला. यवतमाळला नेलं तेव्हा शुगर चारशेच्या वर! ती आजची नव्हती. कधी तपासलीच नव्हती. काकू वाचली, पण तीन आठवडे ऑक्सिजनवर राहून.

वाढतं वय, मधुमेह, लठ्ठपणा, हृदय-किडनीचे विकार, गरोदरपण, आपल्या विदर्भातला सिकलसेल, यांत कोरोना गंभीर होण्याचा धोका जास्त. त्या मार्चमध्ये ४५ ते ५९ वयात लस होती ती फक्त अशा आजारांच्या रुग्णांना, डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर. सर्वांना खुली झाली १ एप्रिलला. जिने कधी रक्तच तपासलं नाही, ती प्रमाणपत्र आणणार कुठून?

आजार नसणं वेगळं आणि माहीत नसणं वेगळं. घरातल्या सगळ्यांची औषधं आपल्याला पाठ असतात, स्वतःची शुगर तेवढी ठाऊक नसते. साथ ओसरली, मधुमेह-बीपी घरातच आहेत. तेव्हा बायांनो, ‘ह्यां’ना तपासायला न्याल, त्याच दिवशी आपलाही हात पुढे करा. काकू आता दर तीन महिन्यांनी करते.