नृत्याला जागा हवी

चंद्रलेखा ह्यांचा जन्म आपल्याच वाडा गावचा. कर्मभूमी मात्र चेन्नई. १९८५ साली ‘आंगिक’मध्ये त्यांनी भरतनाट्यम्, योग आणि कळरिपयट्टू एकत्र आणले व केवळ शरीराच्या सामर्थ्यावर नृत्य उभे केले. सनातन्यांनी नाके मुरडली, मुरडोत बापडे! २००६ साली निधन होईपर्यंत बाईंनी आपला हेका सोडला नाही. परंतु तो चालला कशावर? समुद्रकिनारी तालमीची हक्काची जागा होती म्हणून. मुंबईतील स्वतंत्र नृत्यरचनाकाराने तालीम करावी कोठे? नाट्यगृह प्रयोगापुरते मिळते, तालमीला महिनेच्या महिने लागतात. आम्ही शाळामास्तरकी केली आहे. शाळा सुटल्यावर सभागृहात शिपाई आणि कबुतरे एवढीच उरतात. महापालिकेने आपल्या शाळांची सभागृहे सायंकाळी माफक शुल्कात ह्या कलावंतांना द्यावीत, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.