मांजराचे लंघन

पोट बिघडले की लंघन करावे, हा घराघरांतला जुना उपाय. माणसाला तो बहुधा मानवतो. म्हाताऱ्या मांजराला मात्र घातक ठरतो. दोन-चार दिवस अन्न तुटले, की अंगातील चरबी यकृताकडे धाव घेते, ते तिने भरून जाते आणि कावीळ उद्भवते. लठ्ठ मांजराला हा धोका अधिक.

‘समग्र उपचार’ या शब्दाला सध्या मोठी प्रतिष्ठा आहे. त्याला हरकत नाही. हरकत आहे ती ‘नैसर्गिक ते निरुपद्रवी’ या समजुतीला. अनेक द्रव्ये निर्विष करण्याची जी क्रिया माणसाच्या यकृतात सहज चालते, ती मांजरात फार दुबळी असते. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते; मग सुगंधी तेले आणि काढे निर्धोक कसे मानावेत? दूधभाताची मायाही अशीच आंधळी. मांजर मांसाहारी, मांसातील टॉरिनच्या अभावी त्याचे हृदय दुर्बल होते, हे १९८७ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवून दिले. शिवाय प्रौढ मांजराला दूध पचतेच असे नाही.

रक्ततपासणी, दर आठवड्याला वजन, थोडे थोडे कोमट मांसान्न, ताजे पाणी, निवांत कोपरा: समग्रता यात आहे. तपासणीचा खर्च मध्यमवर्गीय घराला जड जातो, हे खरेच. परंतु ती टाळून महिनाभर चूर्णे आणणारे घर बचत करीत नसते, खर्च पुढे ढकलीत असते; आणि नळीने अन्न भरविण्याची पाळी आली, की तो कितीतरी वाढलेला असतो. मांजराने दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही, तर दुसऱ्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.