नकाशात गाव आहे, वस्ती कुठे आहे?

आरोग्य नियोजनाच्या बैठकांत हल्ली रंगीत नकाशे झळकतात. प्राथमिक आरोग्य केंद्राभोवती पाच-दहा किलोमीटरचं वर्तुळ काढायचं, आत किती गावं पडली ते मोजायचं, उरलेल्या गावांसाठी उपकेंद्र सुचवायचं. जीआयएसचा, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणालीचा, हा रुळलेला वापर. जोडीला लोकसंख्येचा निकष: मैदानी भागात 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र, आदिवासी-डोंगरी भागात 3,000. यात जात कुठे आली, असं विचारणारे पुष्कळ भेटतात.

जात त्या ठिपक्यात आहे. अशा नकाशावर अख्खं गाव बहुधा एकच ठिपका असतं. गावकुसाबाहेरचा आपला वाडा, तमिळनाडूतली चेरी, बिहारमधला टोला त्यात विरघळून जातो. जनगणना गावात अनुसूचित जातींचे लोक किती ते सांगते. ते गावात कुठे राहतात, हे सांगत नाही. ओढ्यापलीकडची घरं पावसाळ्यात तुटली, तरी नकाशा म्हणतो गावाला सेवा पोहोचली.

आणि अंतर म्हणजे फक्त किलोमीटर का? मुंबई कायदेमंडळाने 1923 साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. महाड नगरपालिकेनेही तो मान्य केला होता. तरी 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जावं लागलं. त्या दिवसाआधी कुणी महाडचा असा नकाशा काढला असता, तर तळं गावातच आणि सोय शंभर टक्के दिसली असती! 2006 साली प्रसिद्ध झालेल्या 'अनटचेबिलिटी इन रुरल इंडिया' या अभ्यासात 11 राज्यांतली 565 गावं होती. त्यातल्या सुमारे एक-तृतीयांश गावांत आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी यायला नकार देत होते. हा नकार कोणत्या वर्तुळात मावणार?

तंत्राला हे जमत नाही, ही सबब चालणार नाही. लंडनमधल्या 1854 च्या कॉलऱ्याचे मृत्यू जॉन स्नो यांनी घराघरानिशी नकाशावर मांडले, म्हणून ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीचा घोळका डोळ्यांना दिसला. आपल्याकडे 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोन उडवून गावठाणातलं एकेक घर मोजलं जातंय. मालमत्तेसाठी घर दिसतं, बाळंतपणासाठी दिसत नाही.

जात नकाशावर आली तर घरं हेरली जातील, ही भीती खरी आहे. जळालेल्या वस्त्यांचा इतिहास आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणून घरावर जातीचा शिक्का नकोच. नियोजनाचं एकक वस्ती असावं. वस्ती कुठे आहे हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते फक्त नियोजन करणाऱ्याला, किंवा तो तसं दाखवतो.

2027 च्या जनगणनेत जात मोजली जाणार आहे. ते आकडे राज्य आणि जिल्ह्याच्या बेरजेतच अडकले, तर उपकेंद्र पुन्हा पाटलाच्या वाड्याशेजारीच उभं राहील. वस्तीपातळीवरची माहिती आरोग्य नियोजनाला मिळालीच पाहिजे, ही मागणी आत्ताच करायला हवी.

तोवर पदवी घेतलेल्या आपल्यापैकी कुणीही क्यूजीआयएस फुकट उतरवून घ्यावं. (समाजशास्त्राच्या वर्गात मला ते कुणी शिकवलं नाही, यूट्यूबवर शिकले.) मोबाइल घेऊन वस्तीतून उपकेंद्रापर्यंत चालत जा. वाट, ओढा, आशाताई कुठवर येतात, रुग्णवाहिका कुठे थांबते, सगळं नोंदवा. तो नकाशा छापून ग्रामसभेत ठेवा आणि इतिवृत्तात त्याची नोंद करून घ्या.