गुन्हा कोणता, शिक्षा कोणाला?

नामवंत माणसाचे पाऊल वाकडे पडले की त्याला तीन ठिकाणी शिक्षा होते: न्यायालयात, लोकांत आणि बाजारात. न्यायालय उशिरा निकाल देते. लोक आणि जाहिरातदार मात्र दोन दिवसांत निकाल लावून मोकळे होतात. त्यांना साक्ष लागत नाही, पुरावा लागत नाही. हा निकाल कोणत्या मापाने लावला जातो, एवढेच इथे विचारायचे आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये क्रूझवरील छाप्यानंतर शाहरुख खानच्या मुलाला अटक झाली. त्याच्याजवळ अमली पदार्थ सापडले नव्हते. तरी आठवडा उलटण्याच्या आत ‘बायजूज’ने शाहरुखच्या जाहिराती थांबवल्याच्या बातम्या आल्या. आरोप मुलावर, तोही सिद्ध न झालेला, आणि झळ बापाला! मे २०२२ मध्ये एनसीबीने पुराव्याअभावी मुलाचे नाव आरोपपत्रातून वगळले. तोवर ज्यांना ओरडायचे होते ते ओरडून घरी गेले होते. पुढे २०२४ मध्ये याच कंपनीविरुद्ध क्रिकेट मंडळाच्या थकबाकीवरून दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. अब्रूची एवढी काळजी वाहणाऱ्यांचे हे हिशेब!

आमिर खानने तर काही केलेच नव्हते. नोव्हेंबर २०१५ मध्ये एका समारंभात त्याने घरातली एक भीती बोलून दाखवली: देश सोडावा का, असे बायकोने विचारले होते. लगेच ‘स्नॅपडील’चे अ‍ॅप मोबाइलमधून काढून टाकण्याची मोहीम सुरू झाली. कंपनीने त्याच्या बोलण्याशी आपला संबंध नाही असे जाहीर केले आणि पुढच्या वर्षी करार वाढवला नाही.

याच्या शेजारी हार्दिक पांड्याचे प्रकरण ठेवा. जानेवारी २०१९ मध्ये दूरचित्रवाणीवर तो बायकांविषयी अत्यंत हीन बोलला. ‘जिलेट’ने संबंध स्थगित केले, मंडळाने त्याला आणि के. एल. राहुलला निलंबित केले. दोन आठवड्यांत निलंबन उठले. एप्रिलमध्ये मंडळाच्या लोकपालांनी प्रत्येकी २० लाखांचा दंड केला आणि विषय मिटला. चूक, चौकशी, दंड आणि परतीची वाट: असेच व्हायला हवे. आमिरसाठी ही वाट का नव्हती? कारण त्याने कोणता नियम मोडला हेच कोणी सांगितले नव्हते. ज्या गुन्ह्याला नाव नाही, त्याचा दंड भरून माणूस मोकळा कसा होणार?

मोहम्मद शमीचे उदाहरण आणखी बोलके आहे. मार्च २०१८ मध्ये त्याच्या पत्नीने मारहाणीचे आणि पैशांच्या गैरव्यवहाराचे आरोप केले. त्याने ते नाकारले. मंडळाने चौकशी केली ती फक्त पैशांच्या आरोपाची आणि त्यात काही न आढळल्याने करार बहाल केला. मारहाणीचा आरोप खरा की खोटा, हे न्यायालयाचे काम. पण बाईच्या तक्रारीला क्रिकेटच्या वहीत रकानाच नव्हता, हे कसे नाकारणार? हाच शमी ऑक्टोबर २०२१ मध्ये पाकिस्तानकडून भारत हरताच गद्दार ठरला. त्या दिवशी अकरा जण हरले होते. शिव्यांसाठी नाव मात्र एकाचे निवडले गेले.

इथवर वाचून कोणी मान डोलवत असेल, तर पुढचेही ऐकावे. २००० साली सामनानिश्चितीवरून अझरुद्दीनवर आजीव बंदी आली तेव्हा तो अल्पसंख्याक म्हणून भरडला गेला, अशी कुजबुज आपल्याकडे झाली. तीच शिक्षा अजय शर्मालाही झाली होती, हे सोयीने विसरले गेले. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने अझरची बंदी बेकायदा ठरवली ती कायद्याच्या मुद्द्यांवर. आपल्या कुजबुजीचा त्यात काही वाटा नव्हता.

आणि ज्या शाहरुखसाठी आपण हळहळलो, तोच पानमसाल्याच्या कंपनीची वेलची पडद्यावर विकत होता. अक्षय कुमारने २०२२ मध्ये लोकांच्या रोषानंतर माफी मागून त्याच कंपनीची जाहिरात सोडली. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवर रात्रपाळी करणाऱ्या पोरांच्या खिशातल्या पुड्या गेलेल्या नाहीत. त्यांच्या सडलेल्या तोंडांसाठी आपल्या मोहल्ल्यातून कोणी आवाज उठवला? मुलाने न केलेल्या गोष्टीसाठी बापाच्या जाहिराती थांबतात, आणि बापाने उघडपणे केलेल्या गोष्टीचे त्याला पैसे मिळतात. यातला कोणता अन्याय मोठा?

इन्साफ मागायचा तर तराजू एकच हवा. कृत्य घडले का? ते सिद्ध झाले का? त्याने कोणाचे नुकसान झाले? हे तीन प्रश्न माणसाचे नाव कळण्याआधी विचारावेत. कंपन्यांनी करारात वर्तणुकीची अट जरूर घालावी, पण ती सिद्ध झालेल्या कृत्याशी बांधावी, जमावाच्या आरड्याओरड्याशी नव्हे. आपणही ‘तो आपला’ म्हणून कोणाला सूट देऊ नये. परक्याचे खोटे माप दाखवायचे असेल, तर आधी आपल्या हातातले माप खरे असावे लागते.