आधी हिशेब, मग मत!



निवडणूक आली की चाळीचा जिना गजबजतो. पाच वर्षांत ज्याचे तोंड दिसले नाही तो दारोदार हात जोडत फिरतो. म्हातारीच्या पाया पडतो, पोराला कडेवर घेतो, “मावशी, तुमचाच मुलगा समजा” म्हणतो. मावशीही चहा देते. पण चहा वेगळा आणि मत वेगळे! या माणसात पाहायचे काय, हा खरा सवाल आहे.

साच्यावर जन्म काढलेल्यांना पारख शिकवायला नको. तागा कधी नुसत्या छापावरून पसंत केलात काय? तागा उजेडात धरला, बोटांत चोळला, सूत कुठे तुटले ते पाहिले. खळीने कापड वजनदार दिसते, पण पहिल्या धुण्यात खळ जाते आणि खरा पोत उघडा पडतो. उमेदवाराचे भाषण ही खळ आहे. त्याचे मागचे काम हा पोत!

१९५७ साली गिरणगावाने ही पारख करून दाखवली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनवर गोळ्या सुटल्या होत्या. जानेवारी १९५६ मध्ये मुंबईचे रस्ते पुन्हा रक्ताने भिजले. मग निवडणूक आली, तेव्हा लालबाग-परळच्या जिन्याजिन्यावर एकच प्रश्न होता. “दादा, आमची पोरं गोळीला पडली तवा तुमी कुठं होता?” या प्रश्नापुढे पैसा चालला नाही, सत्ता चालली नाही. कामगारांच्या मुंबईने कॉम्रेड डांग्यांना प्रचंड मतांनी लोकसभेत धाडले. डांगे काही त्याच वर्षी उगवले नव्हते. १९२८ चा सहा महिन्यांचा संप आणि मीरतच्या खटल्यातला तुरुंग त्यांच्या नावावर जमा होता. तिकडे साताऱ्याने क्रांतिसिंह नाना पाटलांना, नाशिकने दादासाहेब गायकवाडांना आणि पुण्याने नानासाहेब गोऱ्यांना निवडले. पक्ष निरनिराळे, पण अडचणीच्या दिवशी ते लोकांच्या बाजूला उभे होते. एवढे मतदाराला पुरले.

पण नुसती पाठ थोपटून घेऊ नका. पुढचे पान वाचा. १ मे १९६० ला राज्य मिळाले, समिती फुटली, आणि १९६२ साली त्याच डांग्यांना मुंबईने पाडले. १९६७ साली पुन्हा निवडून दिले. यावरून कोणी म्हणेल, मतदार चंचल आहे. आम्ही म्हणतो, मतदार मालक आहे! कालच्या कामावर उद्याचे मत फुकट मिळत नाही, हे त्याने बजावले. मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणवणारे स. का. पाटील १९५७ च्या वादळात तरले, पण १९६७ साली दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस या कामगार पुढाऱ्याने त्यांना लोळवले. हिशेब उशिरा झाला, पण झाला.

आणि आपली चूकही लपवू नये. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाचा हक्क आवळणाऱ्या काळ्या विधेयकाविरुद्ध मुंबईच्या कामगारांनी एक दिवसाचा संप केला. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कामगारांबरोबर होते आणि विधिमंडळातही त्याच विधेयकाविरुद्ध लढले होते. असा माणूस १९५२ साली उत्तर मुंबईतून लोकसभेला उभा राहिला आणि मुंबईने त्याला पाडले! देशाची घटना लिहिणारा, मजुरांचा कैवारी पडला. तेव्हा आपण पोत पाहिला नाही, छाप पाहिला. ही खंत गिरणगावाने जन्मभर बाळगावी.

याच्या उलट १९८४ चे उदाहरण. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख कामगारांचे संसार उघडे पाडले. संप जिंकला नाही. तरी देशभर काँग्रेसची लाट असताना गिरणगावाने दत्ता सामंतांना लोकसभेत पाठवले. का? हरला तरी विकला गेला नाही, असे कामगाराच्या मनाने घेतले होते म्हणून! जिंकणाराच पाहिजे असा आपला हट्ट कधीच नव्हता. आपला सौदा करणारा नको, एवढेच मागणे होते.

मग आज चुकते कुठे? “आपल्या गावचा आहे”, “आपल्या जातीचा आहे”, “मंडळाला देणगी दिली” म्हणून मत जाते. अरे, जॉबरची दस्तुरी विसरलात काय? नोकरीसाठी जॉबरच्या हातावर काही टेकवावे लागे, आणि वर त्याची मर्जी सांभाळावी लागे. आज उमेदवार तुमच्या हातावर टेकवतो म्हणून खूश होऊ नका. दिलेला पैसा तो व्याजासकट वसूल करणार, आणि वसुली तुमच्या जमिनीतून होणार!

जमिनीचेच बघा. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जागेचे तीन वाटे ठरले. एक मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला, आणि वाटणी फक्त गिरणीतल्या मोकळ्या जागेपुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम केले. भोंगे गेले, मॉल आले, टॉवर आले. कामगारांच्या घरांची सोडत निघायला मात्र २०१२ उजाडले. २०२४ साली तर शेलू-वांगणीकडे बोट दाखवले गेले. ज्याने परळला घाम गाळला त्याने मुंबईबाहेर जावे! नियमातले चार शब्द बदलले तेव्हा सभागृहात तुमचा आमदार काय करीत होता? बोलला, की झोपला?

म्हणून उमेदवार दारात आला की चार प्रश्न टाका. पहिला : आमच्या अडचणीच्या दिवशी तू कुठे होतास? दुसरा : सभागृहात आमच्यासाठी काय बोललास, आणि हात कोणत्या बाजूने वर केलास? तिसरा : निवडणुकीचा पैसा कोणाचा? चौथा : निवडून आल्यावर दर वर्षी याच चाळीच्या चौकात उभा राहून हिशेब देशील काय? नवखा असेल तर त्याचे वस्तीतले, युनियनमधले काम विचारा. उत्तर गुळमुळीत आले तर चहा द्या, नमस्कार करा आणि निरोप द्या!

आणि बाबांनो, मत टाकून घरी झोपू नका. साचा चालू करून विणकर निघून जात नाही. तो धाग्यावर डोळा ठेवतो. धागा तुटला की साचा थांबवतो आणि गाठ मारतो. निवडून दिलेल्या माणसावरही तसाच डोळा हवा. संयुक्त महाराष्ट्र कोणी दान दिला नाही. शंभरावर हुतात्म्यांच्या रक्ताने आणि लाखो मतांनी तो मिळाला. त्यातले एक मत तुमच्या हातात आहे. ते जपून टाका, आणि टाकल्यावर त्याचा हिशेब मागा!