फुलीचं घर

आई जाऊन परवा वर्ष झालं. वर्षश्राद्धाला आलेल्या निम्म्या बायका माझ्या ओळखीच्या नव्हत्या. एकीनं सोबत मुलगा आणला होता, चांगला मिसरूड फुटलेला. "ह्याला अम्मांनी डोस पाजलाय," एवढीच ओळख करून दिली आणि ती पंगतीत जाऊन बसली.

देशात पल्स पोलिओ सुरू झाला डिसेंबर १९९५ मध्ये. आधी तीन वर्षांपर्यंतचीच मुलं घेत, पुढच्या वर्षापासून पाच वर्षांपर्यंतची. आमच्या सोलापुरात स्वयंसेवक हवेत असं कळलं आणि आई सहज म्हणून गेली. "ती अजून परत आलेली नाही," असं बाबा पुढं वीसेक वर्षं म्हणत राहिले. बूथच्या रविवारी पहाटेच भाकऱ्यांची चळत आणि शेंगाचटणी करून ठेवलेली असायची. दिवसभर आम्ही तेच खायचो. राग यायचा, खोटं कशाला बोलू.

बूथवर ती आधी कुपी बघायची. कुपीवर एक गोल असतो, त्यात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असला तर लस चांगली. गोलाइतका गडद झाला की ती उष्णतेनं वाया गेली. कुणी कितीही घाई करो, चष्मा पुसून चौकोन बघितल्याशिवाय थेंब नाही.

पण बूथचं तिला फार अप्रूप नव्हतं. "तिथं पोरं आपणहून येतात, त्यात काय!" तिचा जीव पुढच्या दिवसांत, घरोघर फिरण्यात. घरातल्या सगळ्या पोरांना डोस मिळाला की दारावर खडूनं 'पी', एखादं राहिलं की फुली. फुलीची घरं तिला झोपू द्यायची नाहीत.

पूर्व भागात बहुतेक घरं तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाल्यांची. पुरुष यंत्रमागावर, बायका बिड्या वळणाऱ्या. "रेंडू चुक्कलू", म्हणजे दोन थेंब, एवढ्या तेलुगूवर आईनं सगळं निभावलं. तिथल्याच एका घरातली आजी दोनदा अंगावर आली होती. पोरगं धडधाकट आहे, एकदा पाजलं, पुन्हा पुन्हा कशाला? प्रश्न चुकीचा नव्हता. सगळ्या पोरांना एकाच वेळी, पुन्हा पुन्हा पाजलं तरच विषाणूला राहायला जागा उरत नाही, पण हे उंबऱ्यात उभं राहून कसं सांगणार?

तिसऱ्या खेपेला मी बरोबर होतो. आई काही बोललीच नाही. उंबऱ्यावर बसली, आजीचं सूप मांडीवर ओढलं, कापलेल्या पानात तंबाखू घातली आणि वळायला लागली. काही बिड्या पोट सुटलेल्या, काही दोरा बांधायच्या आतच उलगडलेल्या. म्हातारीला हसताहसता ठसका लागला. "सगळ्या छाटात जातील की गं," म्हणत तिनं सूप काढून घेतलं आणि आत नातवाला हाक मारली. आईनं पोराच्या डाव्या करंगळीवर शाई लावली, दारावरची फुली तळहातानं पुसली आणि 'पी' काढला. तो जरा वाकडाच आला.

जानेवारी २०११ मध्ये हावड्यात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण सापडला. मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. आईनं बातमी दोनदा वाचली आणि विचारलं, "मग पुढचा रविवार कधीचा?" लोक तिला समाजसेविका म्हणायला लागले होते. तिला ते आवडत नसे असं लिहिलं तर बरं दिसेल, पण आवडायचं. सत्काराची शाल कपाटात सगळ्यांत वर असायची.

शेवटच्या वर्षी ती अंथरुणावर होती. बहीण माहेरी आली होती, तिची मुलगी तीन वर्षांची. दारात पोलिओची पेटी खांद्याला लावून एक कोवळी मुलगी उभी. "पाच वर्षांच्या आतलं कुणी आहे का?"

"आहे," आतून आवाज आला. "आधी कुपी दाखव."

मुलगी गोंधळली, पण आत गेली. आईनं कुपी खिडकीच्या उजेडात धरली, चष्मा मागितला, बराच वेळ बघत राहिली.

"हं. पाज."