खरेदी सोपी झाली, घडवण्याचे काय?

जून २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाने वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल केले. दरपत्रके न मागवता थेट खरेदी करण्याची मर्यादा १ लाखावरून २ लाख रुपयांवर गेली, खरेदी समितीमार्फत होणाऱ्या खरेदीची कमाल मर्यादा १० लाखांवरून २५ लाखांवर गेली आणि २०० कोटी रुपयांपर्यंतच्या जागतिक निविदांना मंजुरी देण्याचा अधिकार कुलगुरू व संचालकांच्या हाती आला. एका लेन्ससाठी सहा महिने फाइल फिरताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या निर्णयाचा आनंद होणे स्वाभाविक आहे. निर्णय योग्य आहे. तो याआधीच व्हायला हवा होता.

तरीही त्याच्या स्वागतात एक गोष्ट सहज नजरेआड झाली. सारी चर्चा उपकरण लवकर कसे मिळेल याविषयी झाली. उपकरण कोण घडवील, हा प्रश्न कोणी विचारला नाही. आपल्याकडील भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याचा उपकरणाशी येणारा संबंध बहुधा कॅटलॉगपासून सुरू होतो आणि कंपनीच्या अभियंत्याने दिलेल्या प्रात्यक्षिकापाशी संपतो. पुढे आरशासाठी एखादा विशिष्ट मापाचा आधार लागला, दोन कंपन्यांचे भाग एकमेकांना जोडायची वेळ आली, की प्रयोग थांबतो. बोटभर लांबीच्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यासाठी प्रबंध आठवडेच्या आठवडे खोळंबतो.

यावर एक छोटा, काहींना गौण वाटेल असा उपाय आहे. प्रत्येक विज्ञान विभागात टेबलावर मावणारे हाताने चालवायचे एक मिलिंग मशीन असावे आणि ते विद्यार्थ्यांनीच संगणक-नियंत्रित, म्हणजे सीएनसी, करावे. तयार सीएनसी विकत घेऊन हा हेतू साधत नाही.

अशा मशीनचे वजन साधारण ५०-६० किलो असते. फिरत्या कटरखाली टेबल दोन दिशांना सरकते, वरचे डोके खाली-वर होते आणि तिन्ही हालचाली हातचाकांनी होतात. रूपांतर करताना ही चाके काढून त्यांच्या जागी स्टेपर मोटर बसवतात. मोटरला प्रवाह पुरवणारे ड्रायव्हर आणि त्यांना स्पंद पाठवणारा नियंत्रक जोडला की मशीन जी-कोड वाचू लागते. नियंत्रकावर फारसा खर्च होत नाही. जीआरबीएल ही मुक्त प्रणाली २ किलोबाइट स्मृतीच्या साध्या आर्डुइनो बोर्डावर तिन्ही अक्ष चालवते. लिनक्ससीएनसी ही दुसरी मुक्त प्रणाली अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेत १९९० च्या दशकात झालेल्या कामातून पुढे आली. असे रूपांतर ही केवळ हौशी लोकांची करामत आहे असे वाटणाऱ्यांनी थोडा इतिहास पाहावा. १९५२ मध्ये एमआयटीने संख्या-नियंत्रित मिलिंगचे जे पहिले प्रात्यक्षिक दाखवले, ते सिनसिनाटी कंपनीच्या हायड्रो-टेल या तयार मशीनमध्ये फेरफार करूनच. सीएनसीचा जन्मच रूपांतरातून झाला आहे.

मोटर बसवणे हा या कामाचा सोपा भाग. त्यानंतर मशीन जे दाखवू लागते, त्यात खरे भौतिकशास्त्र आहे.

पहिला गोल कापून पाहिला की तो गोल येत नाही. घड्याळाच्या १२, ३, ६ आणि ९ या आकड्यांच्या जागी छोटे सपाट पट्टे दिसतात. कारण या चार बिंदूंपाशी एकेक अक्ष आपली दिशा बदलतो आणि मूळ लीड स्क्रू व त्याचा नट यांच्यात फट असते. मोटर उलटी फिरते, स्क्रू वळतो, पण फट भरून निघेपर्यंत टेबल जागचे हलत नाही. कर्मशाळेत याला बॅकलॅश किंवा नुसते 'प्ले' म्हणतात. स्वस्त मशीनमध्ये तो एक-दोन दशांश मिलिमीटर सहज असतो. हातचाक फिरवणारा अनुभवी कारागीर नेहमी एकाच बाजूने मापावर येऊन ही फट टाळतो. त्याच्या मनगटाला ती ठाऊक असते. संगणकाला ती ठाऊक नसते.

विद्यार्थ्याला सुचणारा पहिला उपाय सॉफ्टवेअरचा असतो: दिशा बदलली की तेवढे जादा अंतर चालवायचे. लिनक्ससीएनसीमध्ये तशी सोय आहे. पण त्याने कोडे अर्धेच सुटते. फट आकड्यात भरली तरी धातूत शिल्लक राहते. कटर ज्या दिशेने टेबलाला ओढतो त्याच दिशेने टेबल सरकत असेल, तर ते फटीएवढी उडी घेते, कटरचा दात झेपणार नाही एवढा घास घेतो आणि कटर तुटतो. गणितातली दुरुस्ती आणि भौतिक कारणाचे निर्मूलन यांतला हा भेद संशोधकाला आयुष्यभर पुरतो. शंभर रुपयांचा कटर मोडून तो समजत असेल तर शिकवणी स्वस्तच म्हणायची.

मग बॉल स्क्रू येतो. स्क्रू आणि नट यांच्यामध्ये पोलादी गोळ्या फिरतात, फट जवळपास नाहीशी होते आणि घर्षण पुष्कळ घटते. इथे दुसरा धडा सुरू होतो. ५ मिमी लीडचा स्क्रू आणि एका फेरीत २०० पावले टाकणारी मोटर घेतली, तर एका पावलाला टेबल २५ मायक्रॉन सरकते. ड्रायव्हरवर प्रत्येक पावलाचे १० भाग केले की पडद्यावर अडीच मायक्रॉनचे आकडे दिसू लागतात. आकडा खरा, पण त्याचा अर्थ भलताच लावला जातो. सी-७ प्रतीच्या बॉल स्क्रूमध्येच ३०० मिमी अंतरात ५० मायक्रॉनपर्यंत चूक मान्य असते, म्हणजे त्या अडीच मायक्रॉनच्या वीस पट. शिवाय पावलाचा दहावा भाग टाकताना मोटरकडे त्या जागी उपलब्ध असलेले बलआघूर्ण धारण-आघूर्णाच्या ज्या (९०°/१०) पट, म्हणजे जेमतेम १६ टक्के असते. टेबलाचे घर्षण त्याहून जास्त असेल तर मोटर आज्ञा घेते आणि हलत नाही. दोन-तीन आज्ञा साचल्यावर एकदम हलते. पृथक्करणक्षमता आणि अचूकता या एकच गोष्टी नाहीत, हे पदवीच्या पहिल्या वर्षी पाठ केलेले वाक्य डायल गेजची सुई अडखळताना पाहिल्यावर कळते. कॅल्क्युलेटरने दिलेले आठही दशांश वहीत उतरवणाऱ्या पिढीला ती सुई दाखवायला हवी.

आपल्या उन्हाळ्याचाही यात वाटा आहे. पोलादाचे प्रसरण दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन असते. सकाळी जुळवलेले मशीन दुपारी १० अंशांनी तापले, तर ३०० मिमीचा स्क्रू सुमारे ३५ मायक्रॉनने लांबतो. ॲल्युमिनियमचा जॉब याच्या जवळपास दुप्पट दराने पसरतो. पाश्चात्त्य देशांतील तळघरांतल्या मशीनसाठी लिहिलेल्या सूचना नागपूरच्या किंवा अहमदाबादच्या एप्रिलमध्ये तशाच्या तशा लागू पडत नाहीत. तिथला विद्यार्थी तापमानाचा स्तंभ आखल्याशिवाय मापे लिहूच शकत नाही.

विजेचेही तसेच. जुना लीड स्क्रू घर्षणामुळे पुष्कळ ऊर्जा वाया घालवतो. त्याची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या खाली असते आणि म्हणूनच तो ओझ्याखाली उलटा फिरत नाही. बॉल स्क्रूची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास. वीज गेली, मोटर ढिली पडली की उभ्या अक्षावरचे जड डोके त्याच्यावरून निवांत घसरत खाली येते आणि जॉबमध्ये कटर रुतवते. म्हणून तिथे ब्रेक, प्रतिभार किंवा गॅस स्प्रिंग लावावा लागतो. जे घर्षण पाठ्यपुस्तकात 'नगण्य मानू' म्हणून बाजूला सारले जाते, तेच इथे इतके दिवस डोके धरून उभे होते.

यावरचे आक्षेप हलके नाहीत. पीएचडीच्या विद्यार्थ्याचा वेळ मौल्यवान आहे. त्याने मशीन का घडवावे, तयार का घेऊ नये? उत्पादनासाठी मशीन हवे असेल तर जरूर तयार घ्यावे. रूपांतरित छोट्या मशीनला पोलाद कापताना घाम फुटतो, त्याचा खांब वाकतो, आणि त्याची औद्योगिक मशीनशी तुलना करणे व्यर्थ आहे. पण इथे मशीन हाच प्रयोग आहे, आणि पुढे त्यावर निघणारे आधार व जोडभाग ही वरकमाई. एमएस्सीच्या एका सत्रात चौघांचा गट हे काम पुरे करू शकतो. आज त्याच सत्रात पुष्कळ ठिकाणी ज्यांची उत्तरे आधीपासून माहीत आहेत असे प्रयोग होतात. कधी कधी आकडेही मागच्या वर्षीच्या वहीतून येतात.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तो पूर्ण ग्राह्य आहे. फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे घालू नयेत, चष्म्याशिवाय मशीन सुरू करू नये आणि लाल बटणाने वीज थेट तोडावी. ते बटण सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडू नये. हे शिकवायला प्राध्यापकापेक्षा आयटीआय झालेला फिटर अधिक लायक असतो. खरी अडचण इथेच आहे. ज्या विभागांत जुन्या कर्मशाळा होत्या तिथेही निवृत्त फिटरची जागा भरली जातेच असे नाही आणि त्याच्या ज्ञानाला अभ्यासक्रमात नाव नाही. प्रबंधाच्या आभारात एक ओळ, एवढीच त्याची नोंद.

शाळांकडे पाहिले तर चित्र अधिकच चमत्कारिक दिसते. अटल टिंकरिंग लॅब देशभरातील सुमारे १० हजार शाळांत पोचल्या आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पुढील ५ वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार नव्या लॅब उभारण्याची घोषणा झाली. आठवीतली मुलगी त्रिमिती प्रिंटर हाताळते, मोटर फिरवते. तीच मुलगी बीएस्सीला आली की तिच्यासमोर कृतिपुस्तिका ठेवली जाते. शाळेतला प्रिंटरही तसा दयाळू असतो. त्यात कापण्याचे बल नसते, म्हणून ढिली चौकट बरीच खपून जाते. मिलिंग मशीन ढिलाई खपवून घेत नाही. कटर दुप्पट लांब बाहेर काढला की तेवढ्याच बलाने तो आठपट वाकतो, आणि ते जॉबच्या कडेवर उमटते. शाळेनंतरची पुढची पायरी हीच असायला हवी होती. ती पायरी गाळून आपण थेट कोट्यवधींच्या निविदांवर गेलो.

मिळेल त्या सामग्रीतून उपकरण उभे करण्याची परंपरा या देशाला परकी नाही. गोविंद स्वरूप यांच्या गटाने १९६५ मध्ये मुंबईजवळ कल्याणला रेडिओ दुर्बीण उभारली, ती ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओने भेट दिलेल्या ३२ छोट्या तबकड्यांमधून. पुढे उटीला त्यांनी अशी डोंगरउतरण निवडली की तिचा कल तिथल्या अक्षांशाइतका होता. त्यामुळे ५३० मीटर लांबीच्या दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहिला आणि तारे अनुसरायला एकाच अक्षाभोवतीचे फिरणे पुरले. ती दुर्बीण १९७० मध्ये सुरू झाली. पुणे जिल्ह्यातील पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात हाताने शिकण्यालाच शिक्षण मानले गेले, आणि २००२ मध्ये तिथे एमआयटीच्या सहकार्याने जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक उभी राहिली. या गोष्टी समारंभांत सांगितल्या जातात. विभागाच्या हिशेबवहीत मात्र त्यांना जागा नाही.

जागा नाही हे अगदी शब्दशः. मोटर, ड्रायव्हर, स्क्रू, बेअरिंग, केबल ही दहा वेगवेगळी बिले झाली की एकच खरेदी तुकड्यांत केल्याचा संशय लेखापरीक्षकाला येऊ शकतो. भाग 'उपभोग्य वस्तू' म्हणून नोंदले जातात, आणि त्यांतून उभे राहिलेले मशीन डेड स्टॉक रजिस्टरमध्ये कुठे चढवायचे याचा रकाना नसतो. तेच मशीन तयार घेतले तर एक बिल, एक क्रमांक, एक सही. व्यवस्था बेइमान नाही; तिला फक्त विकत घेतलेली वस्तू ओळखता येते.

नियम सैल करणाऱ्यांना हे करणे जड नाही. सुट्या भागांच्या यादीला एकत्रित मंजुरी देता येईल आणि पूर्ण झालेले मशीन भागांच्या एकूण किमतीला मालमत्ता म्हणून नोंदवता येईल. विद्यापीठांना तर वेगळ्या आदेशाचीही गरज नाही. एमएस्सीचा प्रकल्प म्हणून असे मशीन स्वीकारावे, परीक्षक म्हणून कर्मशाळेतील तंत्रज्ञाला बसवावे आणि अहवालाऐवजी दोन वस्तू मागाव्यात: त्या मशीनवर कापलेली ५० मिमी व्यासाची ॲल्युमिनियमची चकती, आणि तिच्या गोलाईतली प्रत्येक चूक कुठून आली याचा मायक्रॉनमधला हिशेब. चकती वाकडी निघाली तरी चालेल. हिशेब जुळला पाहिजे.